चेटकिणीच्या पदरी चाकर असतो

एका वाचक ताईंनी विचारलं आहे: "मी एक इंग्रजी कादंबरी हौसेनं मराठीत आणते आहे. नायिका 'विच' आहे, नायक 'व्हॅम्पायर'. दोघं प्रेमात पडतात आणि काळात मागे जाऊन पहिल्या एलिझाबेथ राणीच्या इंग्लंडात उतरतात. विचला हडळ म्हणू, डाकीण म्हणू की चेटकीण? व्हॅम्पायरला वेताळ चालेल का? आणि टाइम ट्रॅव्हल म्हणजे कालप्रवास की काळप्रवास?"

आधी वेताळाला सोडवू. व्हॅम्पायरला वेताळ अजिबात चालणार नाही. परदेशी मालिकांच्या मराठी संवादांत आणि उपशीर्षकांत हा वेताळ मला इतक्यांदा भेटला आहे की आता ऐकवत नाही. याचं मूळ बरंचसं रिचर्ड बर्टन या इंग्रज प्रवासी-अनुवादकाकडे जातं. त्यांनी १८७० साली विक्रम आणि वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत सांगितल्या आणि पुस्तकाच्या नावातच वेताळाला व्हॅम्पायर करून टाकलं. झाडाला लटकलेलं प्रेत पाहून त्यांना वटवाघूळ आठवलं असेल, पण तेवढ्यावर नातं जुळत नाही. वेताळ रक्त पिऊन जगत नाही. तो दुसऱ्याच्या प्रेतात शिरतो आणि राजाला कोडी घालतो. व्हॅम्पायर स्वतःच्याच प्रेतात राहतो आणि त्याला कोड्यांशी काही देणंघेणं नसतं. बर्टनसाहेबांचं भाषाज्ञान दांडगं होतं हे मान्य, पण या एका शब्दात त्यांनी आपल्या पुढच्या पाच-सहा पिढ्यांचा घोळ करून ठेवला.

शिवाय आपल्याकडे वेताळ हा देव आहे. गोव्यात लोलयेला, आमोण्याला बेताळाची पूजा होते. वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबाच्या देवळात गेलात तर नवसाच्या चामडी वहाणा दिसतील, कुठल्याही माणसाच्या पायाला होणार नाहीत एवढ्या मोठ्या. सोबत केळ्यांचे घड. देव रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्याला वहाणा लागतात. माझ्या आजीनं मला त्यातल्या एका जोडाच्या टाचेकडचं झिजलेलं कातडं बोटानं दाखवलं होतं आणि आवाज खाली आणून म्हणाली होती, "बघ, काल रात्री फिरान इलो." त्या देवाचं नाव सर्बियातल्या रक्तपिप्या मढ्याला द्यायला माझा हात धजत नाही.

सर्बिया म्हणालो, कारण व्हॅम्पायर हा शब्द तिकडचा. १७२५ साली किसिल्येवो गावात आणि मग १७३१-३२ च्या सुमारास मेद्वेजा गावात लोकांनी थडगी उकरली, आतली प्रेतं ताजी दिसतात म्हणून त्यांत खुंट ठोकले. तो मुलूख तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात होता, म्हणून आधी तिथल्या सरकारी अधिकाऱ्यानं आणि मग लष्करी वैद्यांनी रीतसर अहवाल लिहिले. त्या अहवालांतून हा शब्द जर्मनीत, फ्रान्सात आणि १७३२ मध्ये इंग्रजीत पोचला. त्या अहवालांतले व्हॅम्पायर सगळे खेड्यातले साधे लोक. रेशमी अंगरख्यातला, मोहक बोलणारा सरदार ही नंतरची भर, जॉन पोलिदोरी या इंग्रज लेखकाच्या १८१९ च्या कथेपासूनची. तुमचा नायक त्याच घराण्यातला दिसतो. फ्रान्झ मिक्लोशिच या स्लाव्ह भाषांच्या मोठ्या पंडितानं व्हॅम्पायर शब्दाचं मूळ तुर्की कुळातल्या 'उबिर'सारख्या शब्दात शोधलं होतं, आणि त्याचा अर्थ त्यानं दिला होता चेटकीण! पुढच्या पंडितांनी हे मानलं नाही, आणि मलाही ध्वनींचा हिशेब नीट लागत नाही. पण खरं निघालं असतं तर तुमचे नायक-नायिका एकाच शब्दाच्या पोटचे ठरले असते, म्हणून सांगितलं.

तेव्हा मराठीत 'व्हॅम्पायर'च लिहा. 'रक्तपिपासू' हे विशेषण आहे, आणि ते वर्तमानपत्रांनी हुकूमशहांवर खर्च करून टाकलं आहे. 'पिशाच' तर परंपरेनं कच्चं मांस खाणारा: पिशित म्हणजे मांस.

आता विच. ही खरी मेजवानी आहे.

हडळ चालत नाही, कारण हडळ मेलेली असते. एवढी साधी गोष्ट लोक विसरतात आणि मी दर वेळी चिडतो. हडळ, जखीण, अलवंतीण या सगळ्या मेल्यानंतरच्या अवस्था आहेत. जखीण म्हणजे मुळात यक्षिणी, अलवंतीण म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. तुमची नायिका जिवंत आहे, चहा पिते, प्रेमात पडते. तिला हडळ म्हटलं की पहिल्याच पानावर ती मेली.

डाकीण जिवंत असते, पण हा शब्द मी प्रेमकथेत वापरणार नाही. सातपुड्यात, नंदुरबारकडे एखाद्या बाईला डाकीण ठरवलं की तिला मारहाण होते, गावाबाहेर काढलं जातं, जीवही गेले आहेत. पालघरच्या बाजूला 'भुताळी' हा शब्द तेच काम करतो. २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यामागे या बायकांची दुखणी होती. ज्या शब्दानं आजही कुणाचं तरी घर उठतं, तो शब्द नायिकेचा दागिना म्हणून मला बघवत नाही.

उरली चेटकीण. तीच बरोबर, आणि का बरोबर हे सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

संस्कृतात 'चेट' म्हणजे चाकर. 'मृच्छकटिका'त शकाराचा नोकर स्थावरक हा चेट, आणि वसंतसेनेची मदनिका ही चेटी. तंत्राच्या पोथ्यांत हाच चाकर अदृश्य होतो: साधकानं मंत्रानं वश करून घेतलेला, सांगकाम्या भूत-चाकर, तो चेटक. त्याला कामाला लावण्याची विद्या ती चेटूक. ज्याच्याकडे ती असते तो चेटकी, आणि तेल्याची तेलीण, माळ्याची माळीण, तशी चेटक्याची चेटकीण. म्हणजे चेटकीण या शब्दाच्या पोटात झाडू नाही, टोपी नाही, उकळणारी कढई नाही. पोटात एक नोकर आहे. चेटकीण म्हणजे जिच्या पदरी चाकर आहे ती बाई.

काही मंडळी चेटूक 'चेतणे', 'चेतवणे' यावरून आणतात: मंत्रानं काहीतरी चेतवतात म्हणून चेटूक. ऐकायला गोड आहे आणि चूक आहे. 'त'चा 'ट' होतो तो बहुतेक जवळपास 'ऋ' नाहीतर 'र' असला की. 'चेत'मध्ये दोन्ही नाहीत. केवळ अर्थ बसला म्हणून ध्वनी वाकवायचे, ही खोड आपल्याकडच्या जाणत्या लोकांनाही आहे, आणि तिच्यामुळे मराठी व्युत्पत्तीचं फार नुकसान झालं आहे.

उलट 'चेट'च्या बाजूनं पुरावा बघा. दोन स्वरांमधला 'ट' प्राकृतात 'ड' होतो: वटाचा वड, घटाचा घडा, कटकाचं कडं. मग चेटाचं काय झालं? चेडू! मालवणीतलं, कोकणीतलं चेडू, म्हणजे मुलगी. कोकणीत चेडो म्हणजे मुलगा. चाकराचा अर्थ मुलाकडे कसा सरकला, असं कुणी विचारेल. हॉटेलात जाऊन बसा. टेबल पुसायला येतो तो 'पोऱ्या'. पोर आणि नोकर यांना एकच शब्द वापरणं ही आपली रोजची सवय आहे, आणि दोन्ही दिशांना चालते. हिंदीतला 'चेला'ही याच कुळातला, गुरूच्या घरी राबणारा पोर.

आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोलाचा दुवा हा: उत्तर कोकणात 'चेडा' नावाचं भूत आहे. त्याचाच मान वाढला की चेडोबा. चाकर, पोर आणि भूत हे तिन्ही अर्थ एकाच किनारपट्टीवर अजून जिवंत आहेत. मग प्रश्न उरतो की चेडू, चेडा यांत 'ड' झाला तर चेटूकमध्ये 'ट' का टिकला. माझं म्हणणं असं, की चेडू लोकांच्या तोंडातून घासून गुळगुळीत होत आलं आणि चेटूक पोथीतून आलं. मांत्रिकानं पोथीतला शब्द जपून उच्चारला, कारण मंत्रातलं अक्षर हललं तर फळ मिळत नाही अशी त्याची समजूत. एकाच आईची दोन लेकरं, एक अंगणात वाढलं, एक पोथीत. आजी मला हाक मारायची ती "रे चेडया" आणि बहिणीला "गो चेडवा". चेटकिणीचं नाव आणि नातीची हाक एकाच शब्दातून आली हे मला कळलं तेव्हा आजी हयात नव्हती, याचं मला अजून वाईट वाटतं.

आता इंग्लंडात चला, कारण तुमची कथा तिथे घडते, आणि इथेच चेटकीण हा शब्द असा बसतो की जणू तिथल्यासाठीच घडवला. युरोपातल्या इतर मुलखांत चेटकिणींवरचे मोठे आरोप सैतानाच्या मेळाव्याचे, आकाशातून उडण्याचे. इंग्लंडात मात्र खटल्यांतून पुन्हा पुन्हा पुढे येतं ते पाळलेलं भूत: मांजर, बेडूक, कुत्रा अशा रूपात घरी राहणारं आणि सांगेल ते काम करणारं. १५६६ साली चेम्सफर्डला ॲग्नेस वॉटरहाउस या म्हाताऱ्या विधवेवर खटला झाला. तिच्याकडे पांढरट ठिपक्यांचं एक मांजर होतं, नाव सेथन, म्हणजे सैतानच. कबुलीजबाब म्हणून जे छापलं गेलं त्यात आहे, की मांजरानं काम केलं की ती त्याला कोंबडी द्यायची आणि स्वतःला टोचून रक्ताचा एक थेंब. मांजर मडक्यात लोकरीवर निजायचं. पुढे तिला गरिबीमुळे ती लोकरच हवी झाली, तेव्हा तिनं मांजराचा बेडूक केला म्हणे. मडक्यातली ओंजळभर लोकरही जिला सोडवत नव्हती, त्या बाईला त्यांनी फाशी दिलं.

या मांजराला इंग्रजीत म्हणतात 'फॅमिलियर'. हा शब्द लॅटिनमधून येतो. 'फामुलुस' म्हणजे चाकर. एका घरचे सगळे चाकर-गुलाम मिळून 'फामिलिया', आणि त्यावरून पुढे 'फॅमिली'सुद्धा. म्हणजे फॅमिलियर हा घरचा चाकर, आपला चेटच! पहिल्या जेम्सच्या राज्यात १६०४ मध्ये जो कायदा झाला त्यातली क्रियापदं बघा: दुष्ट आत्म्याशी सल्लामसलत करणं, करार करणं, त्याला ठेवून घेणं, कामाला लावणं, खाऊ घालणं, बक्षीस देणं. घरगडी ठेवणाऱ्याचीच सगळी कामं ही. 'चेट' आणि 'फामुलुस' या दोन शब्दांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसताना दोन्हीकडे या बाईची ओळख तिच्या नोकरावरून ठेवली गेली. इंग्रजीतल्या 'विच' शब्दाचं मूळ तर अजून वादात आहे. मराठी शब्द तिच्या घरात जास्त आत शिरला आहे, असं मी छातीठोक म्हणतो.

जुन्या इंग्रजीत बाई 'विच्चे' आणि पुरुष 'विच्चा', त्यामुळे तुमच्या कादंबरीत पुरुष विच असतील तर त्यांना 'जादूगार' म्हणू नका. जादूगार म्हटलं की टोपीतून ससा निघतो. 'जादू' मात्र मोठ्या घरची आहे: फारसी जादू आणि ऋग्वेदातला यातु, ज्यावरून यातुधान, ही सख्खी भावंडं. पुरुषांना 'चेटक्या' म्हणा, कोशात पडून आहे, उठवा त्याला.

राहिला टाइम ट्रॅव्हल. 'कालप्रवास' लिहा. 'काल' म्हटलं की आधी गेला दिवस आठवतो हे खरं, पण समासात कान लगेच सावरतो: कालखंड, कालगणना आपण अडखळल्याशिवाय वाचतो. 'काळप्रवास' मला नको वाटतो, कारण सुटा काळ यमाच्या फार जवळ उभा असतो. कल्पना परकी समजू नका. भागवतातला ककुद्मी राजा रेवतीसाठी वर विचारायला ब्रह्मलोकी गेला, थोडा वेळ गाणं ऐकत थांबला, तेवढ्यात खाली सत्तावीस चतुर्युगं उलटली. मग रेवतीचं लग्न झालं ते बलरामाशी, म्हणजे तिच्या युगाच्या कितीतरी पुढच्या माणसाशी.

आणि व्हॅम्पायर पुल्लिंगी चालवा: व्हॅम्पायरानं, व्हॅम्पायराचा, दोन व्हॅम्पायर. बाई असेल तर बिचकू नका. मास्तरीण झाली, डॉक्टरीण झाली, तशी व्हॅम्पायरीण होईल.