५०,००० रुपयांची देणगी: शिबिरापेक्षा एका मुलाचं इन्सुलिन

वडील मधुमेहाने गेले, त्यांच्या नावाने ५०,००० रुपये द्यायचे आहेत, तर गावात तपासणी शिबिर भरवावं की संशोधनाला द्यावेत, असं तुम्ही विचारलंय. माझं स्पष्ट मत: टाइप वन मधुमेह असलेल्या, गरीब घरातल्या एका मुलाचा खर्च उचला.

या मुलांचं शरीर इन्सुलिन जवळपास बनवतच नाही. ते जन्मभर रोज टोचावं लागतं. ३० किलोच्या मुलाला दिवसाला ३० युनिट धरले तर महिन्याचे ९००. ह्यूमन इन्सुलिनच्या १० मिलीच्या ४० आययू (म्हणजे एका मिलीत ४० युनिट) बाटलीत ४०० युनिट असतात, म्हणजे हिशेबाने सव्वादोन बाटल्या. पण लवकर काम करणारं आणि हळू काम करणारं अशी दोन प्रकारची बाटली लागते, शिवाय उघडलेली बाटली चार आठवड्यांनी टाकून द्यायची, म्हणून तीन-चार पकडा. बाटली सहसा दोनशेच्या आत मिळते. खरा खर्च शुगर तपासायच्या पट्ट्यांचा. दिवसातून तीनदा शुगर बघायची तर वर्षाला १,०९५ पट्ट्या, १५ रुपयांनी १६ हजारांच्या वर. हात आखडला की घरचे आधी तपासणी बंद करतात, डोस अंदाजाने जातो आणि रात्री झोपेत साखर उतरून मूल बेशुद्ध पडू शकतं. सिरिंज आणि दर तीन महिन्यांची एचबीए१सी (मधल्या काळातली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) धरून तुमच्या रकमेत एका मुलाची दीड-दोन वर्षं निघतील.

वस्तू मात्र स्वतः घेऊन देऊ नका. पट्टी ज्या मीटरची त्यालाच चालते. ४० ची सिरिंज लाल टोपीची, १०० ची केशरी. १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजने भरलं तर अडीचपट डोस जातो, आणि तो जिवावर बेततो. फ्रीझरमध्ये गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं समजा. त्यातून वस्तूरूप देणगीवर प्राप्तिकरातली सूटही मिळत नाही.

म्हणून पैसे अशा ट्रस्टला द्या, जिथे डॉक्टर मुलांना नियमित तपासतात. नागपूरचा ड्रीम ट्रस्ट हेच काम करतो. जवळची दुसरी संस्था असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक, गेल्या वर्षीचा लेखापरीक्षित ताळेबंद आणि सध्या किती मुलं आहेत, हे विचारा. देणगी संपल्यावर त्या मुलाचं काय, हेही विचारा. उत्तर देता आलं नाही तर दुसरीकडे जा. सोबत ‘फक्त इन्सुलिन व पट्ट्यांसाठी’ असं पत्र जोडा आणि रक्कम सहामाही हप्त्यांत द्या, म्हणजे पट्ट्या साठून मुदत उलटत नाही. दोन हजारांच्या वरची रोख देणगी करसवलतीला धरत नाहीत, आणि नव्या करप्रणालीत ही सूट मुळातच नाही.

घरच्यांना शिबिरच हवं असेल, तर आल्यागेल्या सगळ्यांची बोटं टोचू नका. मधुमेहाचा धोका मोजायची, चेन्नईत तयार झालेली १०० गुणांची पद्धत वापरा: वय, कंबरेचा घेर, शारीरिक हालचाल आणि आई-वडिलांना मधुमेह आहे का. त्याला मोजपट्टी पुरते. ६० किंवा जास्त गुण आले त्यांचीच शुगर बघा. आधी हात साबणाने धुवून कोरडे करायला लावा, फळ सोललेल्या बोटाचा आकडा खोटाच वाढतो. लॅन्सेट (बोट टोचायची सुई) प्रत्येकाला नवी, दुसऱ्याला तीच कधीही नाही. आकडा जास्त आला म्हणजे निदान झालं असं नाही, प्रयोगशाळेत शिरेतलं रक्त तपासायला हवं. कोणाला कुठल्या दवाखान्यात, कोणत्या दिवशी पाठवायचं हे आधी ठरलेलं नसेल तर शिबिर घेऊच नका.

संशोधनाची गरज मोठीच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने १९९३ पासून जवळच्या गावांतल्या गर्भवती आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केलाय. आईच्या पोषणाचा मुलाच्या पुढच्या मधुमेहाशी संबंध त्यातून उलगडत गेला. अशा कामाला दरवर्षी थोडं देत राहणं जमत असेल तर जरूर द्या. एकरकमी ५०,००० मात्र मुलालाच.