तपासणीचा खर्च अर्धा महिना, पॉलिसीचा सात वर्षं

एका वाचक ताईंचं पत्र. वडील ७१ वर्षांचे, दोन वर्षांपासून विसरभोळेपणा वाढतोय. डॉक्टरांनी पाठीतलं पाणी काढून अल्झायमरची तपासणी सुचवली आहे. खर्च अर्ध्या महिन्याच्या घरखर्चाएवढा. करावी का? जाता जाता त्या लिहितात: पेन्शन नाही, शिल्लक दहा वर्षांच्या घरखर्चाएवढी, सगळी वडिलांच्या एकट्याच्या नावावर. ११ महिन्यांपूर्वी त्यांनी ‘गॅरंटीड’ पॉलिसी घेतली. दहा वर्षं हप्ते, पैसे पंधराव्या वर्षी. हप्ता नऊ महिन्यांच्या घरखर्चाएवढा, दुसरा पुढच्या महिन्यात. निदान झालं की कागदपत्रं करू आणि नवं औषध सुरू करू.

ताई, तपासणी परवडते. बी-१२, थायरॉइड, नैराश्य हे आधी बघून झालं असेल आणि निकालाने उपचार बदलणार असतील, तर करा. कमरेच्या मणक्यांमधून सुईने थोडं पाणी काढतात. अल्झायमरमध्ये त्यात अ‍ॅमिलॉइड-४२ हे प्रथिन कमी सापडतं, कारण ते मेंदूत साचतं, आणि टाऊ हे दुसरं प्रथिन जास्त. काहींचं डोकं दुखतं, बहुतेकांचं काही दिवसांत थांबतं. मेंदूत अ‍ॅमिलॉइड साचूनही ठणठणीत असलेली म्हातारी माणसं असतात, म्हणून नुसत्या आकड्यावर निदान होत नाही.

औषधाबद्दल मात्र जमिनीवर या. लेकानेमॅब या नव्या औषधाच्या चाचणीत १८ महिन्यांत ऱ्हासाचा वेग, औषध न मिळालेल्यांच्या तुलनेत, २७ टक्क्यांनी मंदावला. आजार थांबला नाही, गेलेली स्मृती परतली नाही. तेही सुरुवातीच्या टप्प्यातच, दर दोन आठवड्यांनी सलाइनमधून, मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होत नाही ना हे बघायला मध्येमध्ये एमआरआय काढत. त्या खर्चाचा अंदाज आधी लेखी घ्या.

आता न विचारलेलं. उरलेले नऊ हप्ते म्हणजे ८१ महिने, जवळपास सात वर्षांचा घरखर्च. दहातून सात गेले, उरले तीन. सांभाळायला माणूस ठेवायची वेळ येईल तेव्हा पैसे अडकलेले असतील आणि सुटतील ते वडील ८५ चे झाल्यावर! वर्षभर विसरणाऱ्या माणसाला हे गळ्यात मारणाऱ्याला काय म्हणावं? दुसरा हप्ता भरू नका. पहिला बुडाला तर नऊ महिने गेले, सात वर्षं वाचली. वडिलांची तेव्हाची वैद्यकीय कागदपत्रं जोडून कंपनीकडे लेखी तक्रार करा. परत मिळालं तर मिळालं.

आणि कागदपत्रं निदानानंतर नाही, याच आठवड्यात. निदान झालं म्हणून सहीचा हक्क जात नाही, पण समज जाते, आणि ती अहवालाची वाट बघत नाही. वडिलांना आज समजतंय तोवर, त्यांच्या इच्छेने, खात्यांवर दुसरं नाव, नॉमिनी आणि मृत्युपत्र करून घ्या; सोबत डॉक्टरांचा समज शाबूत असल्याचा दाखला. मुखत्यारपत्र समज गेल्यावरही चालेल का, हे वकिलाला स्पष्ट विचारा. साधं असेल तर बऱ्याच ठिकाणी ते नेमकं तेव्हाच बाद होतं.

एजंटाचा फोन आला तर तुम्ही उचला. वडिलांकडे देऊ नका.