अ‍ॅल्युमिनाची स्लरी साच्यात ओतली की पार्टला तडे का जातात? प्रेस घ्यावा का?

तुम्ही लातूरला अ‍ॅल्युमिनाची, म्हणजे सिरॅमिकची, पावडर बोअरच्या पाण्यात कालवून ती स्लरी प्लास्टरच्या साच्यात ओतताय, पार्ट वाळताना फुटू लागलेत, आणि आता पावडर दाबून पार्ट काढणारा प्रेस घ्यायचं चाललंय. घाई करू नका, आधी पाणी बदला. मी वाळूजला ह्याच कामात आहे, आपल्याकडचं जड पाणी स्लरीचा घात करतं. पावडरचे कण सुटे राहतात ते त्यांच्यावरच्या चार्जमुळं, एकमेकांना ढकलतात म्हणून, पाण्यातलं कॅल्शियम तो ढकलायचा जोर कमी करतं, मग कण चिकटून स्लरी घट्ट होते, घट्ट झाली की माणूस अजून पाणी ओततो, आणि पाणी जेवढं जास्त तेवढा पार्ट वाळताना आकसतो नि फुटतो.

डीएम पाणी, म्हणजे क्षार काढलेलं पाणी, आणा. अ‍ॅल्युमिनाचा चार्ज पीएच ९ च्या आसपास शून्यावर येतो, म्हणून एकतर नायट्रिक अ‍ॅसिडनं पीएच ४ ला न्या नाहीतर अमोनियम पॉलिअ‍ॅक्रिलेटसारखं डिस्परसंट, म्हणजे कण सुटे ठेवणारं रसायन, टाका, आणि बॉल मिल, म्हणजे गोळ्यांनी घुसळणारं फिरतं पिंप, रात्रभर चालू द्या. नीट जमलं तर १ लिटर पाण्यात जवळपास ४ किलो पावडर बसते, म्हणजे घनफळानं निम्मी, तरी स्लरी ओतता येते. काचेची कांडी बुडवून उचला, धार अखंड पडली पाहिजे, गुठळ्यांनी तुटत पडली तर अजून झालेली नाही.

उन्हाळ्यात पार्ट उघड्यावर ठेवूच नका, वरची कातडी आधी वाळून आवळते, आतला ओला भाग आकसलेला नसतो, म्हणून कातडी भेगाळते, प्लास्टिकखाली हळूहळू वाळू द्या.

जाड पार्ट असेल तर मात्र प्लास्टरचा नाद सोडा, प्लास्टर पाणी शोषतं तसा थर धरतो, आणि दुप्पट जाडीला चौपट वेळ लागतो. तिथं जेलकास्टिंग करा, अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेत ओमाटेटे आणि जॅनी यांनी काढलेलं, स्लरीतच मोनोमर, म्हणजे एकमेकांना जोडून जाळं धरणारं रसायन, घालून ती साच्यात जेलीगत धरवायची. फक्त त्यातला अ‍ॅक्रिलामाइड हा मोनोमर मज्जातंतूंना घातक आहे, हातमोज्याशिवाय अजिबात नको, मेथाक्रिलामाइड मिळालं तर तेच घ्या. वरचा थर चिकट राहिला तर ते हवेतल्या ऑक्सिजनमुळं, साचा झाकून ठेवा.

साचा बनवताना भट्टीतलं आकसणं धरा, १६०० डिग्रीला लांबीत १५ ते १८ टक्के जातं.

प्रेसचे पैसे भरायच्या आधी एवढं करा, तीच पावडर, तेच डिस्परसंट, एक ग्लास बोअरच्या पाण्याचा, एक डीएमचा, दोन्ही पातळ करून रात्रभर ठेवा. बोअरवाल्यात वर नितळ पाणी आणि खाली फुगीर गाळ दिसला, अन डीएमवाला गढूळच राहिला, तर दोष पाण्याचा.