कपाटातल्या डांबरगोळ्या आधी काढा

पत्र (थोडक्यात): ताई, मी 43 वर्षांचा, ठाण्यात राहतो. नव्वदच्या दशकात केबलवर ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’ ही अंतराळमालिका बघून वेडा झालो. पुढे नोकरीनिमित्त सहा वर्षं न्यू जर्सीत होतो. तिथल्या जुन्या बाजारांतून प्लेमेट्स कंपनीच्या 140 ॲक्शन फिगर (मालिकेतल्या पात्रांच्या छोट्या बाहुल्या) जमवल्या, त्यांतल्या 50 पॅकबंद. सगळ्या बेडरूमच्या कपाटात आहेत. गेल्या महिन्यात सात वर्षांच्या लेकीने जॉर्डी या पात्राचं पॅक फोडलं आणि त्याच्या डोळ्यांवरचा व्हायजर, म्हणजे चष्म्यासारखी पट्टी, हरवला. मी तिच्यावर फार ओरडलो. बायको लेकीला आणि दीड वर्षाच्या धाकट्याला घेऊन चार दिवस माहेरी गेली. परत आल्यापासून एकच घोशा : दिवाळीच्या साफसफाईआधी हे सगळं बाहेर काढ. ही गुंतवणूक आहे हे तिला पटत नाही. शिवाय डांबरगोळ्या ठेवूनही काही फिगर हल्ली चिकट लागतात. काय करू? – ठाण्याचा कॅप्टन

कॅप्टनसाहेब,

पुढचं वाचायच्या आधी उठा आणि त्या डांबरगोळ्या काढून टाका. त्या कापडातल्या कसरीसाठी असतात. त्यांची वाफ प्लास्टिकमध्ये शिरते आणि काही प्लास्टिकं, विशेषतः पॉलिस्टायरीन, मऊ करून टाकते. दुसरं म्हणजे तुमच्या घरात दीड वर्षाचं मूल आहे आणि त्याला ती गोळी पेपरमिंटसारखी दिसणार. पोटात गेली तर काय होतं, ते मुलांच्या डॉक्टरांना विचारा.

आता व्हायजर. 1992 च्या पहिल्या जॉर्डीचा व्हायजर निघतो, म्हणून तो हरवतोही. नखाएवढा तुकडा. तुम्ही लेकीला विचारलंत, ‘कुठे टाकलास?’ धाकट्याने तोंडात तर घातला नाही ना, हे विचारलंत का? पत्रात तरी तसं दिसत नाही. तुमच्या पत्नी चार दिवस माहेरी गेल्या त्या बाहुल्यांपायी नसाव्यात. 1978 च्या अखेरीस ‘बॅटलस्टार गॅलेक्टिका’ मालिकेच्या खेळण्यातलं उडणारं क्षेपणास्त्र घशात अडकून चार वर्षांचा एक मुलगा गेला आणि मॅटेल या खेळणी कंपनीला ती खेळणी परत मागवावी लागली. क्षेपणास्त्र छोटंसंच होतं. महिना उलटलाय, बाळ नीट खातपीत असेल तर घाबरू नका. पण सोफ्याच्या फटी आणि वॉशिंग मशीनचा फिल्टर एकदा बघा. फेझर (बंदूक), ट्रायकॉर्डर (तपासणीचं यंत्र) अशी सगळी सुटी हत्यारं-उपकरणं झाकणाच्या बरणीत भरून वरच्या फळीवर ठेवा. हे आज करा आणि पत्नीच्या देखत करा.

गुंतवणुकीचा मुद्दा मात्र सोडून द्या. त्यांना तो पटत नाही, कारण तो खरा नाही. या फिगर ढिगाने निघाल्या, आणि पुढे भाव येईल म्हणून तेव्हा हजारो लोकांनी त्या पॅकबंदच ठेवल्या. त्यामुळे मालिकेतल्या कॅप्टनच्या, पिकार्डच्या, पॅकबंद फिगरला आजही तोटा नाही. तळपायावर आकडा आहे म्हणून दुर्मिळ, असं कुणी सांगितलं असेल तर तेही विसरा. आकडा जवळजवळ प्रत्येकीच्या पायावर असतो. खरी दुर्मिळ तिकडी 1996 ची : ‘टॅपेस्ट्री’ भागातला पिकार्ड आणि ‘यस्टरडेज एंटरप्राइझ’मधली टाशा यार, प्रत्येकी 1701 नग (मालिकेतल्या एंटरप्राइझ यानाचाच क्रमांक), आणि बार्कले 3000. या प्रकारावर संग्राहक तेव्हा भयंकर चिडले होते, आणि रास्तच. तिघांपैकी कुणी तुमच्याकडे असेल तर वेगळं ठेवा. बाकीच्यांवर तुमचं प्रेम आहे, एवढं कारण पुरेसं आहे. घरात तेच सांगा.

चिकटपणाचं कारण असं. हातपाय मऊ राहावेत म्हणून पीव्हीसीत तेलासारखं द्रव्य घातलेलं असतं. वर्षानुवर्षं ते हळूहळू बाहेर येतं, आणि बंद जागेत व उन्हाळ्यात जास्तच. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब घाला, लहान मुलांच्या मऊ टूथब्रशने हलकेच पुसा, डोळे-भुवयांच्या रंगावर घासू नका. फिगर पाण्यात बुडवून ठेवू नका, सांध्यात पाणी साठतं. मग पंख्याखाली पूर्ण एक दिवस. नेलपॉलिश रिमूव्हर चुकूनही नको, रंग आणि प्लास्टिक दोन्ही जातं. काही महिन्यांनी पुन्हा चिकट होईल. कायमचा इलाज नाही, फक्त हवा खेळती ठेवायची. हवाबंद पिशवीत कोंबाल तर वाढेल. वाकलेला पाय मात्र सरळ होतो : साधारण 60 अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट, सरळ करून धरा, लगेच गार पाण्यात. जाम झालेला सांधाही असाच मऊ करून फिरवा. गार असताना जोर लावलात तर आतली खुंटी मोडते, आणि ती चिकटवून टिकत नाही.

सुट्ट्या फिगर थर्मोकोलच्या खोक्यात असतील तर काढा. तेच द्रव्य थर्मोकोलला विरघळवतं आणि खोक्याचे व्रण फिगरवर उठतात. बुडाला त्रिकोणात 5 लिहिलेले डबे घ्या, झाकणाला दोन भोकं पाडा. पॅकबंद कार्डं ठाण्याच्या पावसाळ्यात पापडासारखी वळतात, तेव्हा कपाट बाहेरच्या भिंतीपासून दोन इंच पुढे ओढा आणि सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, त्याही धाकट्याच्या हाताला लागणार नाहीत अशा. करड्या ठिपक्यांची बुरशी दिसली तर गॅलरीत नेऊन कोरड्या ब्रशने झटका. ओल्या फडक्याने छपाई निघून येते.

आणि दिवाळीची मुदत पाळा. बेडरूम रिकामी. बाहेरच्या खोलीत काचेचं एक कपाट, तीन फूट रुंद, ऊन न येणाऱ्या भिंतीला, कुलूपवालं. त्यात मावतील त्या तुमच्या. दुहेरी आणि पॅक फुटलेल्यांतून दहा लेकीला निवडू द्या, तुम्ही निवडून देऊ नका. उरलेल्या विका, पण दिवाळीच्या आत सगळ्या खपतील अशी आशा धरू नका. माळ्यावर टाकू नका, स्लॅबखाली उन्हाळ्यात त्या वाकतात.

लेकीची माफी मागायची राहिली असेल तर ती जॉर्डी हातात देऊनच मागा. व्हायजर मिळाला नाही तर सुट्या हत्यारांचे जुने लॉट विकायला असतात, त्यात तो सापडतो. लावताना सुपर ग्लू नको, त्याची वाफ प्लास्टिकवर पांढरी बसते. फेव्हिकॉलचा एक थेंब टाचणीने लावा. मात्र फेव्हिकॉलची पकड कच्ची असते, तेव्हा धाकटा तीन वर्षांचा होईपर्यंत जॉर्डी त्याच्या ताईच्या दप्तरातच राहू द्या.