ती नुसती खेळते, बोलत नाही

प्रश्न : माझी ८ वर्षांची भाची आता माझ्याकडेच असते. घरातल्याच एका माणसाने तिच्यावर अत्याचार केले होते. थेरपीच्या ५ भेटी झाल्या. तिथे ती चित्रं काढते, वाळूत खेळते, पण त्या विषयावर चकार शब्द काढत नाही. मी घरी हळूच विचारून पाहू का?

उत्तर : नका विचारू. खोदून विचारलं की मूल मिटून जातं, नाहीतर आपल्याला हवं असेल तसं उत्तर देतं. चौकशी चालू असेल तर अशा प्रश्नांनी तिच्या जबाबालाही धक्का लागू शकतो. तिने आपणहून काही सांगितलं, तर हातातलं काम बाजूला ठेवून ऐका. ‘सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी काहीच चूक नाही,’ एवढं म्हणा. मग तिचेच शब्द तारीख घालून लिहून ठेवा आणि थेरपिस्टना कळवा. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, ते पाळता येणार नाही.

त्या ५ भेटी वाया गेलेल्या नाहीत. आघातकेंद्रित सीबीटीत (अशा आघातातून गेलेल्या मुलांसाठीची, विचार आणि वागणं यांवर काम करणारी थेरपी) साधारण १२ ते १६ भेटी लागतात आणि सुरुवातीच्या भेटींत मूल स्वतःला शांत करायला शिकतं. उताणं झोपून पोटावर मऊ खेळणं ठेवायचं, ४ अंकांत श्वास घ्यायचा, ६ अंकांत सोडायचा, खेळणं वर-खाली होताना बघायचं. भीती किती, ते ० ते १० मध्ये सांगायचं. हा सराव घरी रोज ५ मिनिटं घ्या, पण ती शांत असताना. घाबरल्यावर नवं काही शिकता येत नाही. ही तयारी नसताना आठवणीत नेलं तर मूल भेदरतं किंवा बधिर होतं : नजर एका जागी खिळते, हाक मारली तरी कळत नाही. घडलेलं सांगणं ही तयारी झाल्यावर येतं, तेही तुकड्यातुकड्याने.

मात्र तिसऱ्या महिन्यातही त्या गोष्टीचं नाव निघालं नसेल, तर थेरपिस्टना स्पष्ट विचारा. पुष्कळदा टाळाटाळ मोठ्यांचीच असते. मूल रडेल म्हणून विषय पुढे ढकलला जातो आणि मुलाला वाटतं, हे इतकं वाईट आहे की मोठ्यांनाही ऐकवत नाही. खेळाकडेही लक्ष हवं. बाहुली दर वेळी तशीच पुरली जाते, शेवट कधी बदलत नाही आणि खेळून झाल्यावर भाची आणखी ताठरते, असं होत असेल तर नुसतं बघत राहून भागत नाही. थेरपिस्टने त्या खेळात मदतीला येणारं कुणीतरी आणायला हवं.

भेटीतला काही वेळ तुमच्यासाठीही मागून घ्या.

प्रश्न : भेटीच्या रात्री ती अंथरूण ओलं करते. थेरपी थांबवू का?

उत्तर : एवढ्यावरून थांबवू नका, आठवणी ढवळल्या की एक-दोन दिवस असं होऊ शकतं. न रागावता चादर बदला, दिवा मंद ठेवा, भेटीच्या दिवशी दुसरं काही ठरवू नका. त्रास आठवडाभर टिकला तर थेरपिस्टशी बोलून वेग कमी करा. ती मरणाबद्दल बोलली किंवा स्वतःला इजा करू लागली, तर तिला एकटी सोडू नका आणि त्याच दिवशी थेरपिस्ट किंवा डॉक्टरांना गाठा. आणि तो माणूस अजून घरी येत-जात असेल, तर आधी ते बंद व्हायला हवं. तोवर आठवणींच्या कामाला हात घालू नये.