गल्फला जायचंय: वेल्डिंग की गॅस कटिंग?

तुझा प्रश्न असा: आयटीआय वेल्डर झालास, लोट्याच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशन करतोस, पण जुगाड जमत नाही, ठरल्या पद्धतीनेच काम आवडतं, मग गल्फला वेल्डर म्हणून यावं की कटर म्हणून?

असा स्वभाव असेल तर प्रेशर पायपिंगचं वेल्डिंग धर. इथे प्रत्येक जॉइंटला डब्ल्यूपीएस, म्हणजे वेल्डिंगची ठरलेली लेखी पद्धत, असतं. रॉड कुठला, अँपिअर किती, पोलॅरिटी कुठली, आधी किती तापवायचं, सगळं त्यात लिहिलेलं. ते सोडून केलेला जॉइंट दिसायला कितीही देखणा असो, कापायला लावतात. हाताने गॅस कटिंग करणाऱ्याला बहुतेक ठिकाणी हेल्परच्या वरची पायरी मिळते, फार नाही. सीएनसी प्लाझ्मा, म्हणजे संगणकावर चालणारं कटिंग मशीन, तुला मानवेल, पण जागा कमी.

टेस्ट सिक्स-जीची दे. पाइप ४५ अंशांत पक्का बांधलेला, फिरवायचा नाही. रूट, म्हणजे तळचा पहिला थर, टिगने (आर्गॉन गॅसच्या आडोशातलं वेल्डिंग), वरचे थर ७०१८ च्या रॉडने. बेव्हल, म्हणजे पाइपची तिरपी कड, गॅसने कापला असेल तर काळी पापडी ग्राइंडरने चकचकीत होईपर्यंत काढ. रूट फेस (बेव्हलच्या तळाची सपाट कड) १ ते १.५ मिमी, दोन पाइपांतला गॅप ३ मिमीच्या आसपास, आर्गॉन मिनिटाला ८ ते १२ लिटर. टॅकची, म्हणजे पाइप धरून ठेवणाऱ्या छोट्या टाक्यांची, दोन्ही टोकं घासून उतरती कर, फ्यूजन तिथेच सुटतं. पोरं नापास होतात ती सहा वाजताच्या जागी, म्हणजे पाइपच्या अगदी खालच्या बाजूला: गॅप किंवा करंट जास्त झाला की वितळलेला धातू खाली ओघळतो आणि आतून रूट खोलगट बसतो. एक्स-रेत ते लपत नाही. टिग चालू असताना शेडमधला पंखा बंद ठेव. आर्गॉन उडाला की पोरोसिटी, म्हणजे वेल्डमध्ये बारीक छिद्रं, आलीच.

७०१८ चं मात्र कोकणात जपायला हवं. आषाढात उघड्या पाकिटातला रॉड ओल धरतो, त्यातून हायड्रोजन वेल्डमध्ये शिरतो आणि जाड किंवा कडक स्टीलला कधी दुसऱ्या दिवशी तडा जातो. पाकिटावर लिहिलेल्या तापमानाला, साधारण ३०० ते ३५० अंशांवर, मदर ओव्हनमध्ये, म्हणजे रॉड भाजायच्या मोठ्या ओव्हनमध्ये, भाजायचा आणि पोर्टेबल ओव्हनमधून एकेक काढायचा. चुलीजवळ वाळवलेला रॉड म्हणजे निव्वळ मनाचं समाधान.

एएसएमई सेक्शन ९, म्हणजे वेल्डरच्या पात्रतेचा अमेरिकन कोड, त्याप्रमाणे एखाद्या प्रोसेसने सहा महिने वेल्डिंग केलं नाही की त्या प्रोसेसची पात्रता संपते. टिग वेगळं, आर्क (रॉडचं) वेगळं. म्हणून इन्स्पेक्टरच्या सहीची नोंद दोन्हींची ठेव.

एजंट ई-मायग्रेटवर, म्हणजे परदेशी नोकरीसाठीच्या सरकारी पोर्टलवर, नोंदलेला आहे का ते आधी बघ. त्याला सेवाशुल्क ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं, पावती माग. व्हिजिट व्हिसावर येऊ नकोस. करारात ट्रेड 'वेल्डर' लिहिला आहे ना, ते सही करण्याआधी वाच. 'हेल्पर' असेल तर इथे आल्यावर तो बदलून घेणं फार जड जातं.