एसजीओटी वाढलं म्हणजे लिव्हर खराब झालं असं समजायचं का?

तुम्ही लिहिलंय की एसजीओटी 112 आणि एसजीपीटी 58 आलं, बिलिरुबिन (काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य) नॉर्मल आहे, दारू कधीच घेत नाही आणि रक्त देण्याच्या दोन दिवस आधी जिम सुरू केली. मला यातली जिमची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटली. मी बरीच वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. निदान तुमचे डॉक्टरच करतील, पण हे आकडे कुठून येतात ते मी सांगू शकतो.

एसजीओटी आणि एसजीपीटी ही एन्झाइम्स, म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवणारे पदार्थ. ती पेशींच्या आत काम करतात. जुन्या पेशी मरताना त्यातली थोडी रोजच रक्तात उतरतात. पेशींना इजा झाली की जास्त उतरतात. म्हणजे वाढलेला आकडा एवढंच सांगतो की कुठेतरी पेशी दुखावल्यात. कुठल्या आणि कशामुळे, हे शोधायला शेजारचे आकडे बघावे लागतात आणि पेशंटला नीट विचारावं लागतं.

एसजीओटी लिव्हरमध्ये असतं तसं हृदयात, हातापायांच्या स्नायूंत आणि तांबड्या पेशींतही असतं. हार्ट अटॅकनंतर ते रक्तात वाढतं हे 1954 साली प्रसिद्ध झालं आणि पुढे कित्येक वर्षं हृदयासाठी ही तपासणी केली जायची. आता तिची जागा ट्रोपोनिनने घेतली आहे. ते एन्झाइम नव्हे, स्नायूतलं प्रथिन आहे. एसजीपीटी मात्र मुख्यतः लिव्हरचं. म्हणून एसजीओटी बरंच वर आणि एसजीपीटी त्यामानाने थोडंच वर, त्यात अंग दुखेपर्यंत केलेला व्यायाम, असं असेल तर मी आधी स्नायूंचा विचार करतो. डॉक्टरांना सीपीके, म्हणजे स्नायूंतल्या एन्झाइमची तपासणी, करून घेऊ का, असं विचारा. स्नायूंना ताण पडला असेल तर ते ठळकपणे वाढलेलं दिसेल. जीजीटी हे लिव्हरचं आणखी एक एन्झाइम स्नायूंमुळे वाढत नाही, त्यामुळे तेही सोबत केलेलं बरं.

नमुना कसा घेतला यानेही फरक पडतो. मी नवा असताना एकदा सिरिंज जोरात ओढली आणि तांबड्या पेशी फुटल्या. सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी, गुलाबी दिसत होतं, तरी मी ते मशीनला लावलं. एलडीएच, म्हणजे तांबड्या पेशींतही असणारं एक एन्झाइम, भरमसाट आलं. वरिष्ठांनी पुन्हा रक्त घ्यायला लावलं, तर सगळं नॉर्मल! त्या आजींना माझ्यामुळे दुसऱ्यांदा सुई टोचावी लागली, याचं आजही वाईट वाटतं.

आकडा मोठा तेवढा आजार मोठा, असंही नसतं. सिरोसिस (लिव्हर कडक होत जाण्याचा आजार) खूप पुढे गेल्यावर फुटायला पेशीच कमी उरतात आणि एसजीपीटी नॉर्मल येऊ शकतं. उलट वाढत्या वयाच्या मुलांचं अल्कलाइन फॉस्फेटेज (लिव्हर आणि हाडांतलं एन्झाइम) मोठ्यांपेक्षा बरंच जास्त असतं, कारण हाडं वाढत असतात. त्याला आजार म्हणत नाहीत. काही तपासण्या मात्र खरंच नेमक्या आहेत. पोटात जोरात दुखतंय आणि लायपेज (स्वादुपिंडाचं एन्झाइम) नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त आहे, तर स्वादुपिंडाला सूज आल्याची शक्यता दाट असते.

डॉक्टरांची हरकत नसेल तर आठवडा-दहा दिवस व्यायाम थांबवून हीच तपासणी पुन्हा करा. सुरू असलेली सगळी औषधं, प्रोटीन पावडर आणि काढेसुद्धा, त्यांना सांगा. आणि लघवी चहासारखी काळपट झाली, डोळे पिवळे दिसले किंवा अंग असह्य दुखायला लागलं, तर पुढच्या रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.